संशोधन कुणासाठी?

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराची मुलगी विज्ञान शाखेत शिकते, तेव्हा संशोधनाची वाट तिला खरोखर खुली असते काय? विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेला आराखडा वरवर पाहता ती खुली करतो. तीन वर्षांत १२० श्रेयांकांची पदवी. चौथ्या वर्षी किमान १६० श्रेयांकांवर ऑनर्स. आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळविणाऱ्यास १२ श्रेयांकांच्या संशोधन-प्रकल्पासह ‘संशोधनासह ऑनर्स’. त्यापुढे पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पुरे करता येते.

या कल्पनेशी आमचे भांडण नाही. प्रश्न तिच्या अटींचा आहे. शिकवण्या घेऊन वा कारखान्यात पाळी करून शिकणाऱ्याला ७५ टक्क्यांची अट आणि चौथ्या वर्षाचा खर्च इतरांइतकाच सहज पेलेल काय? शिवाय विभागात पीएच.डी.चे किमान दोन कायम मार्गदर्शक व सुसज्ज प्रयोगशाळा हवी. जेथे तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या खांद्यावर विभागाचा गाडा चालतो, तेथे हा अभ्यासक्रम निघणार कसा? संशोधन ही मग मूठभर संपन्न महाविद्यालयांची मिरासदारी ठरेल.

म्हणून मागणी निःसंदिग्ध हवी : रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, चौथ्या वर्षासाठी निर्वाहभत्ता द्या, प्रयोगशाळा सायंकाळीही उघड्या ठेवा. बुद्धी कामगारवस्तीतही आहे; तिला उसंत नाही. ती मिळवून देण्याचा लढा कार्यकर्त्यांनी विद्यार्थी-पालकांच्या सभांतून उभा केला पाहिजे.