पंचनाम्यात न बसणारे नुकसान

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि उल्हास नदीने बदलापूर-कल्याण परिसरात हाहाकार उडविला. २०१९ व २०२१ च्या जुलैतही हीच नदी वस्तीत शिरली. अशा वेळी तलाठी येतात, पंचनामे होतात. घराची भिंत, भांडीकुंडी, जनावर, होडी, जाळे यांना शासकीय निकषांत जागा आहे. त्याच घरात महाविद्यालयात शिकणारी मुलगी असेल, तर तिच्या बुडणाऱ्या वर्षाला मात्र नाही.

उल्हासच्या खाडीवर वसलेल्या कोलशेतसारख्या गावात या उणिवेचा अर्थ चटकन ध्यानी येतो. कोलशेत रस्त्यावर एके काळी सॅन्डोझ, बायर यांचे कारखाने होते; घरात पाणी शिरले तरी कायम कामगाराचा पगार बुडत नसे. आज त्या पट्ट्यात उंच गृहसंकुले उभी आहेत आणि गरीब घरातील तरुणापुढे असते ती बहुधा कंत्राटदाराच्या हाताखालची पहारेकऱ्याची नोकरी. आपत्ती आली की शिकता मुलगा तात्पुरता म्हणून तेथे जातो. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत तोवर उलटून जाते.

शिष्यवृत्त्या आहेत, नाही असे नाही. परंतु राजर्षी शाहू महाराज योजना शुल्कापुरती, आणि डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता घर सोडून राहणाऱ्यांसाठी. पूर येवो न येवो, रक्कम तीच. वस्तुतः अनुदानित महाविद्यालयात शुल्क हा खर्चाचा लहानसा भाग होय. प्रवास, पुस्तके आणि शिकण्यापायी सोडलेली मजुरी हाच खरा बोजा. दुष्काळी भागात परीक्षा शुल्क माफ करून कर्तव्य उरकणाऱ्या शासनाला हे साधे अर्थशास्त्र उमगू नये, याचे नवल वाटते.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून शिकविले. काम मोलाचेच, पण देशभर गाजलेल्या आपत्तीला जे लाभते ते खाडीकाठच्या एखाद्या आळीला लाभत नाही. दुष्काळी कामे हीदेखील पूर्वी सरकारची मेहेरबानीच होती. १९७२ च्या दुष्काळातील लढ्यांनंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला, मागणीनंतर पंधरा दिवसांत काम हा हक्क ठरला, आणि त्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसायकर बसला. तोच न्याय येथे लावावा. पंचनाम्यानंतर पंधरा दिवसांत आपद्ग्रस्त कुटुंबातील प्रत्येक महाविद्यालयीन विद्यार्थ्यास त्या शैक्षणिक वर्षापुरता निर्वाहवेतनाचा कायदेशीर हक्क मिळावा, आणि त्याचा खर्च खाडीकाठच्या बांधकामांकडून घेतल्या जाणाऱ्या विकास शुल्कातून भागवावा.

कायदा होईतो कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. मे महिन्यातच आळीनिहाय विद्यार्थ्यांची यादी करून तहसीलदाराकडे द्यावी, आणि पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी त्यात घरातील विद्यार्थ्यांची नोंद करून घेण्याचा आग्रह धरावा.