अंजनीला रोपवाटिकेत जागा द्या

मार्च-एप्रिलमध्ये महाबळेश्वरला जाणारी बहुतेक मंडळी स्ट्रॉबेरी खाऊन, दोन-चार पॉइंट पाहून परततात. त्याच दिवसांत रस्त्याच्या कडेला अंजनी फुललेली असते. फूल अगदी बारीक, चार पाकळ्यांचं, त्यातून बाहेर डोकावणारे आठ पुंकेसर. पण ही फुलं शेंड्याला येत नाहीत. पानं झडलेल्या जुन्या फांद्यांना ती झुबक्यांनी बिलगतात आणि सगळी फांदीच निळी-जांभळी होऊन जाते. इतकं देखणं झाड आपल्या वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांत मात्र क्वचितच दिसतं.

अंजनी म्हणजे 'मेमेसायलॉन' या सदाहरित प्रजातीतली सह्याद्रीतली सर्वांत परिचित जात. (खानदेश-विदर्भातला अंजन वृक्ष वेगळा, त्याचा हिच्याशी संबंध नाही.) महाबळेश्वर, माथेरान आणि कोकणातल्या देवराया ही तिची हक्काची ठिकाणं. घाटमाथ्यावरच्या जंगलाचा एक प्रकार वनस्पतिशास्त्रज्ञ अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांच्याच नावांनी ओळखतात. वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस, पुढे सहा-सात महिने कोरडे, अंगावर सतत वारा आणि पायाखाली जांभा. या सगळ्यात ती ठेंगणी राहते, पण तग धरते.

जांभ्याच्या जमिनीत ॲल्युमिनियम भरपूर असतं आणि ते अनेक पिकांना बाधतं. अंजनी मात्र ते आपल्या पानांत साठवते. म्हणूनच दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत या प्रजातीतल्या झाडांची पानं रंगकामात वापरली गेली. त्यांच्यापासून पिवळा रंग निघतोच, शिवाय तुरटीप्रमाणे दुसरा रंग पक्का करायलाही ती उपयोगी पडतात. पिकून काळी-जांभळी झालेली फळं पक्षी खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात.

लाकूड कठीण आणि जळाऊ म्हणून उत्तम. हाच गुण तिच्या मुळावर आला. वाढ अतिशय सावकाश असल्याने मनगटाएवढ्या खोडामागेही बरीच वर्षं असतात. महाराष्ट्रात शहरी भागातल्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये बदल झाला. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट आली. तरतूद चांगलीच आहे. पण खोडाचा घेर पाहून वयाचा अंदाज बांधला, तर भराभर फोफावणाऱ्या परदेशी झाडापुढे अंजनी पोरसवदा ठरणार आणि एखाद्या बांधकामासाठी ती सहज आडवी होणार.

राज्याने 2017 ते 2019 या तीन वर्षांत पन्नास कोटी झाडं लावण्याचं लक्ष्य ठेवलं होतं. एवढे मोठे आकडे गाठायचे म्हटल्यावर लवकर वाढणारी, सहज मिळणारी रोपं हाताशी धरली जाणं ओघानेच आलं. सामाजिक वनीकरणाने पूर्वी हेच केलं. पुण्याच्या टेकड्यांवरची गिरिपुष्पाची दाटी आणि कोकणात रस्त्यांकडेला उभा असलेला ऑस्ट्रेलियन बाभूळ ही त्याचीच खूण. टेकडी हिरवी दिसली म्हणजे तिथलं जंगल परत आलं, असं मानणं चूक आहे.

अंजनी सगळीकडे लावा, असं कुणी म्हणणार नाही. मराठवाड्यातल्या कोरड्या माळावर तिचं काम नाही. पण सातारा, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या वन विभागाच्या रोपवाटिकांनी जवळच्या देवरायांतून, गावकऱ्यांना विचारून, थोडं बी गोळा करावं. रोपांना दोन-तीन पावसाळे जास्त लागले तरी ती सांभाळावीत आणि घाटातल्या लागवडीत त्यांचा ठरावीक वाटा असावा. लावलेल्या रोपांची मोजणीही खड्डा भरला त्या दिवशी न करता पाच वर्षांनी, जातवार व्हावी आणि ते आकडे ग्रामसभेपुढे ठेवले जावेत.