सरावातल्या गोलांवर किती विसंबायचे?



हंगामपूर्व सामन्यांवरून मँचेस्टर युनायटेडचे भवितव्य वर्तवणाऱ्या चाहत्यांची बाजू मागील अंकातील पत्रलेखकाने हिरिरीने मांडली आहे. त्यांचा जिव्हाळा खरा, निष्कर्ष मात्र टिकत नाही.

२०१४मध्ये प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांच्या युनायटेडने अमेरिकेत लॉस एंजेलिस गॅलेक्सीला ७-० असे लोळवले, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर रिअल माद्रिदला ३-१ने हरवले. चाहते हरखले. मग १६ ऑगस्टला, लीगच्या पहिल्या सामन्यात, युनायटेडच्या घरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर स्वान्सी आला. युनायटेडच्या रूनीने हवेत आडवे होत बरोबरी साधली खरी, पण स्वान्सीच्या सिगुर्डसनने सामना हिरावून नेला. दहाच दिवसांनी खालच्या श्रेणीतल्या एमके डॉन्सने ४-० असा धुव्वा उडवला!

२०२२मध्ये बँकॉकला हंगामपूर्व सामन्यात लिव्हरपूलवर ४-० विजय मिळाला. त्या रात्री लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉप यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाने जवळजवळ अख्खा संघ बदलला होता, हे जल्लोषात कुणी ध्यानातच घेतले नाही. लीग सुरू होताच ब्रायटन आणि ब्रेंटफर्डकडून लागोपाठ हार. पुढच्या मार्चमध्ये ॲनफिल्डवर लिव्हरपूलकडून ०-७.

तरीही हंगामाअखेर लीगमध्ये युनायटेड तिसरा आला, लिव्हरपूल पाचवा. म्हणजे बँकॉकचा निकाल खरा ठरला म्हणावे, तर ॲनफिल्डच्या त्या सात गोलांचे काय करायचे? पत्रलेखकाने याचे उत्तर द्यावे.

— एक वाचक