यंत्राचा मायना

पत्राचा मायना हा मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा विषय. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव', परक्याला 'श्रीयुत' असे लिहिल्यावाचून आपल्याकडे लेखणी पुढे सरकत नसे. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर परंपरेने सांगितले जाणारे 'मेस्तक' म्हणजे कोणाला कसे लिहावे याचे नियमच. मजकूर ज्याचा त्याचा, मायना मात्र ठरलेला, ही वाटणी आपल्या अंगवळणी पडलेली आहे. संगणकाच्या जगात हीच वाटणी २०२३ साली नव्याने करावी लागली. तिच्याशी आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांचा काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आपण प्रश्न विचारतो आणि यंत्र उत्तर देते, असे पडद्यावर दिसते. प्रत्यक्षात लँग्वेज मॉडेलपुढे अक्षरांची एकच लांबलचक ओळ येते आणि तिच्यापुढे काय यावे एवढेच ते ठरवते. म्हणून सूचना कोणती, विचारणाऱ्याचे बोलणे कोणते आणि यंत्राचे उत्तर कोणते, हे त्या ओळीतच खुणा घालून दाखवावे लागते. आमच्या भाषेत सांगायचे तर ही नावे आणि जमा. रक्कम बरोबर असली, पण ती कोणत्या बाजूची हे लिहिलेच नाही, तर खाते जुळावे कसे? धनादेशावर अक्षरी रकमेपुढे 'फक्त' लिहून आपण रेघ मारतो. तशीच बोलणे संपल्याचीही खूण लागते. ती चुकली तर यंत्राला थांबावे कुठे हे कळत नाही आणि आपले उत्तर संपवून ते विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्नही स्वतःच लिहू लागते!

अडचण अशी की प्रत्येक कंपनीच्या खुणा निराळ्या. मेटा कंपनीच्या लामा-२ मध्ये चौकटी कंसातल्या खुणा, तर इतर कित्येकांत टोकदार कंसातल्या. प्रोग्रॅम लिहिणारे त्या हाताने जोडत. एखादी खूण चुकली तरी यंत्र तक्रार करीत नाही. उत्तराचा दर्जा मात्र मुकाट्याने घसरतो. यावर २०२३ मध्ये हगिंग फेस या संस्थेने तोड काढली ती अशी, की प्रत्येक मॉडेलसोबत त्याचा मायना एका साच्याच्या रूपाने ठेवावा. संभाषणाची साधी यादी द्यायची. साचा ती त्या मॉडेलच्या खुणांत बसवून देतो. हा साचा ज्या भाषेत लिहितात ती 'जिंजा', मूळची वेबसाइटची पाने तयार करण्यासाठी आर्मिन रोनाखर यांनी रचलेली. जपानीत जिंजा म्हणजे शिंतो देवालय. 'टेम्पल' आणि 'टेम्प्लेट' यांवरची ती कोटी आहे.

कोणी म्हणेल, दोन-चार खुणा जोडण्यासाठी एवढा खटाटोप कशाला? मला वाटते, साचा वेगळा ठेवण्याचा खरा लाभ सोयीचा नाहीच. वेगळा ठेवला म्हणजे तो वाचता येतो, आणि वाचला म्हणजे आपल्या नावावर काय खपवले जाते ते कळते.

दोन उदाहरणे देतो. लामा-३.१ च्या साच्यात आजची तारीख घालण्याची सोय आहे. पण वापरणाऱ्या प्रोग्रॅमने तारीख पुरवली नाही, तर साचा आपणहून '२६ जुलै २०२४' असे लिहून मोकळा होतो. हुंडीची मुदत किंवा थकबाकीवरचे व्याज विचारणाऱ्या कारकुनाला ही ओळ पडद्यावर दिसत नाही. अलिबाबाच्या क्वेन-२.५ मध्ये आपण सूचना दिली नाही, तर मॉडेलचे नाव आणि त्याच्या मालकाचे नाव सांगणारी इंग्रजी सूचना साचाच पुढे करतो. इंग्रजीच्या एका 'यू'त भागते. मराठीत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांत केवढे अंतर! माझी शाळा मराठी माध्यमाची आणि बोलणे दोन्ही भाषांतले, म्हणून सांगतो, कन्नडमध्येही 'नीनु' आणि 'नीवु' यांत गल्लत केली तर वडीलधारी मंडळी बोलणेच थांबवतात. ही सूचना आपल्या भाषेत, आपल्या रीतीने कोणी लिहायची? ती आपणच लिहायला हवी.

साच्याला धोकाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. जिंजाचा साचा म्हणजे छापील कोरा फॉर्म नव्हे, तो एक छोटा प्रोग्रॅमच. 'लामा-सीपीपी-पायथन' या साधनात मॉडेलच्या फाइलीतून आलेला साचा कोणत्याही बंधनाविना चालवला जात असे. त्यामुळे परक्याने त्यात दडवलेले हुकूम आपल्या संगणकावर चालू शकले असते. ही त्रुटी २०२४ मध्ये उघडकीस आली आणि साचा बंदिस्त आवारात चालवण्याची व्यवस्था करून ती दूर केली गेली. पण यावरून साचा नको, असे ठरत नाही. कोऱ्या धनादेशाचा गैरवापर होतो म्हणून आपण बँका बंद करीत नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, एवढेच शिकतो.

आपल्या हैदराबादेत भाषांना तोटा नाही आणि संगणकाच्या जाणकारांनाही नाही. गच्चीबौलीच्या आय.आय.आय.टी.मध्ये भारतीय भाषांच्या यांत्रिक भाषांतरावर कित्येक वर्षे काम चालू आहे. पण मायना ही केवळ जाणकारांवर सोपवून देण्याची बाब नव्हे. उद्या दुकानात, बँकेत, कचेरीत हीच यंत्रे आपल्या ग्राहकांशी बोलणार आणि त्यांच्या शब्दांबद्दल जाब आपल्याला विचारला जाणार.

म्हणून आमच्या प्राध्यापकांना एक नम्र विनंती आहे. व्यापारी पत्रव्यवहार शिकवताना एक तास असा एखादा साचा फळ्यावर मांडून वाचून घ्यावा. तो पानभराहून फार मोठा नसतो. संगणक विभागाचा एखादा विद्यार्थी खुणा समजावून सांगेल. त्यातली सूचना मराठीत कशी असावी हे आम्ही सांगू आणि कन्नडमध्ये कशी असावी हे कन्नड विभागातले मित्र सांगतील. एवढे झाले तरी वर्षाअखेरीस आपल्या हाती दोन्ही भाषांतले दोन चांगले मायने असतील.