चष्मा म्हणजे व्यंग नव्हे!
(द्वितीय वर्ष, कला)

अकरावीला मी तालुक्याच्या गावी येऊ लागले तेव्हाची गोष्ट. एस.टी. स्टँडवर उभी होते. समोर गाडी लागलेली, पण तिची पाटी काही केल्या वाचता येईना. शेवटी शेजारच्या आजींना विचारले. त्या माझ्या दप्तराकडे बघत म्हणाल्या, "पोरी, साळंत जातीस आन् पाटी वाचता येईना व्हय? मला अडाणीला काय इचारतीस?"

आसपासची माणसे हसली. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली, आणि मलाच पाटी वाचता येत नव्हती! त्या दिवशी मी घरी हट्ट धरला आणि डोळे तपासून घेतले. दोन्ही डोळ्यांचा नंबर निघाला उणे अडीच.

घरात सुतकी कळा पसरली. आई म्हणाली, "आता हिचं लगीन कसं जमायचं?" आत्याने सल्ला दिला, "चष्मा लावू नगंस, एकदा लावला की नंबर वाढतच जातो." गल्लीतली पोरे 'ढापणी' म्हणू लागली. या तिन्ही गोष्टी किती निराधार आहेत, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

निकटदृष्टी म्हणजे डोळा 'कमजोर' असणे नव्हे. बहुतेक वेळा डोळ्याचा गोल पुढून मागे थोडासा लांब झालेला असतो. त्यामुळे दुरून आलेले किरण दृष्टिपटलावर एकत्र येण्याऐवजी त्याच्या अलीकडेच एकत्र येतात, आणि पटलावर पोहोचेपर्यंत चित्र विसकटते. चष्म्याचे अंतर्गोल भिंग मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. ते किरणांना डोळ्यात शिरण्यापूर्वीच थोडे फाकवते, मग ते बरोबर पटलावर जाऊन मिळतात. उणे अडीच याचा अर्थ एवढाच, की चष्म्याविना मला चाळीस सेंटिमीटरपर्यंतचे, म्हणजे हातभराहूनही कमी अंतरावरचे, स्पष्ट दिसते. पुस्तक वाचता येते, फळा वाचता येत नाही. म्हणून तर घरच्यांना कधी शंकाच आली नाही!

म्हणजे चष्मा डोळ्यावर उपचार करीत नाही, उजेडाची वाट तेवढी सुधारतो. पायातली चप्पल पायाला बळकटी देत नाही, पण काट्याकुट्यांतून चालता येते. म्हणून कोणी चपलेला औषध म्हणत नाही, आणि 'चपलेने पाय बिघडले' असेही म्हणत नाही.

मग नंबर वाढतो तो का? वाढत्या वयात शरीराबरोबर डोळ्याचा गोलही लांबत जातो, म्हणून. त्यात आनुवंशिकतेचा भाग असतो. मुले मोकळ्यावर कमी हिंडली आणि जवळचे काम फार करू लागली, तर धोका वाढतो. चष्मा काढून पेटीत ठेवल्याने ही वाढ थांबत नाही. चष्मा काढल्यावर पूर्वीपेक्षा जास्त धूसर वाटते हे खरे, पण ते डोळा बिघडला म्हणून नव्हे. स्पष्ट दिसणे म्हणजे काय, हे आता आपल्याला कळलेले असते, म्हणून!

गंमत अशी, की वाचनाचे चष्मे इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस आले आणि दूरचे दिसण्याचे अंतर्गोल भिंग पंधराव्या शतकात. पण ते भिंग असे का वागते, याचा उलगडा केपलर या ज्योतिर्विदाने केला तो १६०४ मध्ये. गुण आधी आला, कारण मागाहून कळले. आज आपल्याला कारणही ठाऊक आहे आणि भिंगही दुकानात मिळते. अडते ते फक्त लाजेपाशी.

ही लाज किती महाग पडते, ते मी घरातच पाहिले. माझा दादा नववीत दोनदा नापास झाला. उंच म्हणून तो नेहमी मागच्या बाकावर बसे. फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीत बघून उतरवी, म्हणून मार खाई. सर्वांनी त्याला 'ढ' ठरवले, त्यानेही ते मान्य केले आणि शाळा सोडली. आज तो बाजार समितीत हमाली करतो. मला चष्मा आला त्या रात्री त्याने तो सहज डोळ्यांवर ठेवला. समोरच्या भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हितनं कॅलेंडरच्या तारखा वाचता येत्यात व्हय गं सगळ्यास्नी?" त्याचे डोळे तपासले, नंबर उणे चार!

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. शाळकरी मुलांची नेत्रतपासणी आणि गरजूंना मोफत चष्मे हा त्याचाच भाग आहे. परंतु दादापर्यंत ना तपासणी पोहोचली, ना चष्मा. योजना कागदावर चांगली असून भागत नाही. ती मागच्या बाकापर्यंत गेली पाहिजे.

तेव्हा माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी भरते. आपण रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. यंदा एक दिवस शिबिराच्या गावातल्या शाळेसाठी द्यावा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावून, सहा मीटरवर मूल उभे करून, एकेक डोळा झाकून वाचायला लावणे एवढे तर आपण शिकू शकतो. नंबर काढणे हे डॉक्टरांचे काम, पण कोणाला डॉक्टरांकडे धाडायचे हे आपल्याला कळेल.

दादा आता चष्मा लावतो. बाजारातले लोक त्याला चेष्टेने 'मास्तर' म्हणतात. तो हसतो. मला मात्र हसू येत नाही. कुणी सांगावे, वेळीच तक्ता वाचायला लावला असता, तर तो खराखुरा मास्तरही झाला असता!