ब्रँडी बादलीत की पेल्यात?

घरात पाहुणे जमले की एक माणूस हमखास गायब असतो. त्याला शोधायला फार लांब जावे लागत नाही. तो स्वयंपाकघरात असतो, आणि बहुतेक घरांत तो म्हणजे ती असते. बाहेर हशा उसळतो, ती दारातून डोकावून "काय झालं?" म्हणून विचारते, आणि कोणी विनोद पुन्हा सांगू लागेपर्यंत गॅसवरचे काहीतरी उतू जाण्याच्या बेतात आलेले असते. दिवाळीच्या फराळाचे एक बरे आहे, तो आधी करून डब्यात भरून ठेवता येतो. पेयांचे तसे नाही. चहा ऐन वेळी, सरबत ऐन वेळी, आणि ज्या घरांत आता ३१ डिसेंबरला बाटल्या उघडतात त्या घरांत ग्लास, बर्फ, सोडा, लिंबाच्या चकत्या हे सगळेही ऐन वेळीच.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या गृहिणींनी यावर एक तोडगा काढला आहे. तो मला मनापासून आवडला, आणि त्याच्याविषयी माझी एक तक्रारही आहे. दोन्ही गोष्टी आज सांगायच्या आहेत.

माझी मुलगी मिलवॉकीजवळच्या एका उपनगरात राहते. तिच्याकडे मी दोन डिसेंबर काढले. तिकडे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग झाले की नववर्षापर्यंत गोतावळा जमण्याचे दिवस सुरू होतात. या दिवसांत गॅरेजमधल्या आडव्या फ्रीझरचे झाकण उघडावे, तर मांस आणि भाज्यांच्या पुड्यांशेजारी एक प्लॅस्टिकची बादली दिसते. बादली आइस्क्रीमची असते. आइस्क्रीम केव्हाच संपलेले, पण पावणेपाच लिटरची चांगली झाकणाची बादली टाकवत नाही. तिकडच्या बायका या बाबतीत आपल्याच जातीच्या! आत असतो तो ब्रँडी स्लश.

कृती अगदी सोपी. तिकडचा मोजायचा कप २४० मिलिलिटरचा. सात कप पाण्यात दोन कप साखर घालून उकळायची. दुसऱ्या भांड्यात दोन कप उकळत्या पाण्यात चहाच्या चार पुड्या बुडवून कोरा चहा करायचा. दोन्ही गार झाले की एकत्र करून त्यात संत्र्याच्या गोठवलेल्या अर्काचा एक डबा, लिंबाच्या सरबताच्या तशाच अर्काचा एक डबा आणि दोन कप ब्रँडी ओतायची. सगळे बादलीत घालून किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचे, मधूनअधून ढवळायचे. पाहुणे आले की बादली आणि आइस्क्रीमचा डाव टेबलावर ठेवून मोकळे व्हायचे. ज्याने त्याने ग्लासात दोन डाव घ्यावेत आणि वर सेव्हन-अप किंवा पपनसाच्या चवीचा सोडा ओतावा. ना बर्फ फोडणे, ना मिक्सरची घरघर. घरची बाई सोफ्यावर बसलेली. मला या पेयाचे पहिले कौतुक वाटले ते चवीचे नव्हे, या दृश्याचे.

संत्री कुठली, तर दूर फ्लोरिडाची. फळांचा रस आटवून, गोठवून डब्यात भरण्याचे तंत्र तिथे १९४० च्या दशकात बसले, आणि मग भर हिमवर्षावातही उत्तरेकडच्या घरात संत्रे आले. ब्रँडी का, याचे उत्तर विस्कॉन्सिनच्या आवडीत आहे. बाकीच्या अमेरिकेत जे ओल्ड फॅशन्ड नावाचे मिश्रण व्हिस्कीत करतात, ते इथे ब्रँडीत करतात. आणि कॅलिफोर्नियात बनणारी कोर्बेल ब्रँडी इथे जितकी खपते तितकी इतर कुठल्याही राज्यात खपत नाही. चहा मात्र यात का यावा, हे मला आधी कळेना. चाखल्यावर कळले. संत्रे, लिंबू आणि साखर यांच्या गोडव्याला कुठेतरी तुरटपणाचा काठ लागतो, तो चहा देतो.

ऐन वेळच्या श्रमातूनच असल्या गोठवलेल्या पेयांचा जन्म होतो, याचा आणखी एक दाखला टेक्सासमधला आहे. डॅलसच्या मारियानो मार्टिनेझ यांच्या उपाहारगृहात बर्फाळ मार्गारिटाला एवढी मागणी आली, की मिक्सरवर ती फिरवता फिरवता नोकर टेकीला आले आणि प्रत्येक ग्लासाची चव वेगळी लागू लागली. मार्टिनेझ यांना कोपऱ्यावरच्या दुकानातले लहान मुलांच्या बर्फाळ सरबताचे यंत्र आठवले. त्यांनी मऊ आइस्क्रीमचे एक जुने यंत्र मिळवून त्यात फेरफार केले आणि १९७१ च्या मे महिन्यात मार्गारिटा एकदम मोठ्या घाण्यात निघू लागली. ते यंत्र २००५ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दमलेल्या हातांच्या सोयीसाठी झालेली वस्तू संग्रहालयात जाऊन बसावी, हे मला फार बरे वाटले.

आता जरा फ्रीझरच्या आत डोकावू. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो. पाणी शून्याला गोठते, निव्वळ मद्यार्क उणे ११४ ला. म्हणजे घरच्या फ्रीझरमध्ये ब्रँडी कधीच गोठत नाही. साखर, फळाचा रस आणि मद्यार्क पाण्यात मिसळले की पाण्यालाही गोठायला अडचण होते. आधी थोडे पाणी निव्वळ बर्फाचे कण होऊन बाजूला निघते. उरलेला पाक त्यामुळे अधिक दाट होतो आणि आणखी गोठायला कुरकुरतो. असे होत होत बर्फाच्या कणांमध्ये दाट रस अडकून राहतो, तोच स्लश. ब्रँडी जास्त झाली तर बादलीत नुसते गार पाणी राहते, कमी झाली तर दगड होतो. जुन्या काळी अमेरिकेतले शेतकरी सफरचंदाची मदिरा हिवाळ्यात बाहेर ठेवून वरचा बर्फ काढून टाकत आणि खालची कडक दारू ठेवून घेत, ती याच नियमाने.

हे समजायला आपल्याला शेतकऱ्यांच्या वखारीत जायला नको. चौपाटीवर बर्फाचा गोळा खाल्लेल्या कोणालाही ठाऊक आहे, की दोनचार वेळा जोरात चोखले की रंग आणि गोडी तोंडात येते आणि काडीवर पांढरा फटक बर्फ उरतो. बादलीतही तेच. ती शेकोटीजवळच्या टेबलावर तासभर राहिली, की जो रस सुटून खाली जमतो त्यात साखर आणि ब्रँडी दोन्ही अधिक असतात. शेवटी येणाऱ्याच्या डावात नेमका तोच येतो.

माझी तक्रार इथून सुरू होते. हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. दोन कप ब्रँडी म्हणजे पावणेपाचशे मिलिलिटर, आपल्या ३० मिलिलिटरच्या पेगाने जवळजवळ सोळा पेग. बादलीतला एकूण माल साडेतीन लिटरच्या आसपास. तेव्हा मद्यार्काचे प्रमाण पाच टक्क्यांच्या जवळपास, साध्या बिअरइतके, आणि वर सोडा पडला की त्याहून कमी. यात भिण्यासारखे काही नाही. पण बिअर बिअरसारखी दिसते, तिचा वास येतो. स्लश सरबतासारखा दिसतो. गार जिभेला गोडीही कमी जाणवते (आइस्क्रीम वितळले की कसे मिट्ट गोड लागते ते आठवा) आणि ब्रँडीचा जाळही. त्यात बादलीवर चित्र असते व्हॅनिला आइस्क्रीमचे!

पहिल्याच डिसेंबरात मुलीच्या शेजारणीकडे तीसपस्तीस माणसे जमली होती. बादलीवर तिने कागदी चिकटपट्टी लावून 'मोठ्यांसाठी' असे लिहिले होते. पाचसहा वर्षांच्या मुलाला ते कसे वाचता यावे? एका पोराने दोन चमचे खाल्ले, आईच्या नाकाला वास आला, तिने ग्लास काढून घेतला. प्रकरण तेवढ्यावर मिटले. दुसरे मात्र अजून माझ्या मनातून जात नाही. पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांनी डाव हातात घेऊन विचारले, "यात काय आहे?" कोणीतरी सहज सांगितले, "संत्रे, लिंबू, चहा." सांगणाऱ्याने खोटे काही सांगितले नव्हते, एक जिन्नस तेवढा राहिला होता. त्या गृहस्थांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला, तोंड पुसले आणि कोट न घालता ते बाहेरच्या ओसरीवर बर्फात जाऊन उभे राहिले. त्यांची बायको त्यांचा कोट घेऊन मागोमाग गेली. त्यांनी दारू सोडून सहा वर्षे झाली होती, हे मुलीने मला घरी आल्यावर सांगितले.

घरगुती समारंभ आणि दारूचा गुत्ता यांत फरक हाच, की गुत्त्यात येणारा प्रत्येकजण पिण्यासाठी आलेला असतो. घरी आजी असते, गरोदर भाची असते, रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी घेणारे काका असतात, परतीच्या वाटेवर गाडी चालवणारा जावई असतो. यांतल्या कोणालाही "मी घेत नाही, कारण..." असे चारचौघांत सांगायला लागू नये, ही यजमानाची जबाबदारी आहे असे मी मानते. विस्कॉन्सिनमध्ये तर आई-वडील सोबत असतील तर अल्पवयीन मुलालाही मद्य देण्याची मुभा कायद्यात वर्षानुवर्षे आहे. आपल्या महाराष्ट्रात कडक मद्याला वयाची पंचविशी लागते. पण कायदा कडक असो की सैल, घरातल्या बादलीपर्यंत तो पोचत नाही.

शेजारीण सत्तरी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका. हे सगळे मी तिला मुलीच्या मध्यस्थीने सांगितले. ती रागावली नाही, पण दोन मुद्दे तिने ठणकावून मांडले. एक, ब्रँडी काढली तर स्लशचा दगड होईल. दोन, बाटली टेबलावर ठेवली की पुरुष आपल्या हाताने ओततात आणि तो हात सैल असतो. बादलीत किती घालायची ते मात्र ती ठरवते. दुसरा मुद्दा मला खोडता आला नाही. सोळा पेग तीस माणसांत वाटणारी बाई कुठल्याही बाटलीपेक्षा जास्त शहाणी आहे.

तरीही माझे मत बदलले नाही. बादली कोरी ठेवावी आणि ब्रँडी पेल्यात यावी. बाटलीशेजारी ३० मिलिलिटरचे छोटे माप ठेवून, ओतण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्यावे. बसून ओतता येते, त्यासाठी स्वयंपाकघरात उभे राहावे लागत नाही. दगडाचे म्हणाल तर त्याला उपाय आहेत. वरच्या कृतीत डब्यांतली साखर धरून एकूण साखर पाचव्या हिश्शाच्या आसपास जाते. ती आणखी थोडी वाढवावी. बादलीऐवजी पसरट ट्रेमध्ये दोन बोटे जाडीचा थर गोठवावा आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने काट्याने खरवडावे. सिसिलीतली माणसे ग्रानिता असाच करतात, आणि त्यात दारूचा थेंब नसतो. तेवढाही वेळ नसेल तर झिपच्या जाड पिशवीत चपटे गोठवून, वाढण्याआधी अर्धा तास बाहेर काढून हातांनी चुरावे. मधुमेही मंडळींसाठी साखरेऐवजी गोळ्या घालणाऱ्यांना मात्र आधीच सांगते, त्याचा बर्फच होणार. त्या गोळ्या इतक्या चिमूटभर लागतात, की पाण्याला गोठण्यापासून अडवण्याचे बळ त्यांच्यात नसते.

आपल्याकडे तर यासाठी संत्र्याचा डबाही नको. कोकमाचे गोड सरबत जरा दाट ठेवून, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घालून असे गोठवले तर त्याचा रंगच पाहत राहावा. उन्हाळ्यात पन्ह्याचे करावे. गूळही साखरेसारखाच कामाला येतो. मीठ मात्र बेताचे. पॉटच्या आइस्क्रीमला बाहेरून मीठ-बर्फ लावतात ते बर्फाला आणखी गार करण्यासाठी. तो उद्योग पेल्याच्या आत करायचा नाही. गोव्याकडची मंडळी कोकमात फेणी ओततील, ओतोत. फेणीच्या बाबतीत निदान लपवाछपवीचा प्रश्न येत नाही. ती बादलीत घातली तर पट्टी चिकटवायची गरजच पडणार नाही.

दुसऱ्या डिसेंबरात शेजारणीने माझे अर्धे म्हणणे मान्य केलेले दिसले. तिने दोन बादल्या केल्या होत्या. ब्रँडीची नेहमीची, पण या वेळी ती उंच कपाटावर, आणि आइस्क्रीमचे चित्र खरवडून काढलेले. दुसरी कोरी, टेबलावर. कोरी जरा घट्टच झाली होती, पोरे डावाने तिच्यावर तुटून पडली होती. साडेआठपर्यंत ती रिकामी झाली. ब्रँडीची अर्धी उरली, झाकण लावून पुन्हा गॅरेजमध्ये गेली. ते गृहस्थ या वेळीही आले होते. त्यांनी काही विचारले नाही. शेजारीण स्वतःच त्यांच्याजवळ गेली, दोन्ही बादल्यांत काय काय आहे ते तिने एकेक करून सांगितले, आणि मग येऊन माझ्या शेजारी सोफ्यावर बसली.