गुरांची वेळ पाळता, मग पोरांची का नाही?

सायंकाळचे पाच वाजतात. शाळेची घंटा होते आणि पोरं दप्तरं हिंदकळत घराकडे सुटतात. घराला कडी. आई खुरपायला गेलेली, बाप पाण्याची पाळी धरून बसलेला, आजी देवळात. पोरगं दप्तर ओट्यावर फेकतं, कोनाड्यात ठेवलेले पाच रुपये उचलतं आणि थेट कोपऱ्यावरची टपरी गाठतं. रंगीत पुडी फोडली, चार घासांत संपवली. झालं त्याचं सायंकाळचं खाणं.

आता त्याच घराच्या गोठ्यात काय चालते तेही पाहा. डेअरीची गाडी येण्याआधी धारा काढायच्या असतात. म्हणून रानातून कोणी ना कोणी लगबगीने घरी येतेच. पेंड भिजवलेली असते, कडब्याची कुट्टी पाटीत भरलेली असते. वैरण अर्धा तास लांबली तर म्हैस हंबरून गोठा डोक्यावर घेते. दूध कमी भरेल, फॅट लागणार नाही, म्हणून घरधनी हातातले काम टाकून धावतो. पोर हंबरत नाही. ते पुडी खाऊन गप्प बसते, एवढाच काय तो फरक.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हे कोणाला टोचून बोलायचे म्हणून लिहिलेले नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच चालते. पण एकदा हिशेब मांडून पाहू या.

शाळेत दुपारी खिचडी मिळते, हे खरे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने ही योजना सुरू केली. सुरुवातीला आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, हे तुम्हाला आठवत असेल. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला आणि मग शाळेत चुली पेटल्या. योजनेने गरिबाच्या पोराला वर्गात टिकवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या ताटात किती असते? नियमाप्रमाणे पाचवीपर्यंतच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० उष्मांक लागतात. म्हणजे शाळेने पाव भाग उचलला. उरलेला पाऊण भाग घराकडे आहे. 'शाळेत जेवतंय की' असे म्हणून आपण मोकळे होतो, ते या हिशेबात बसत नाही.

आणि वेळेचेही बघा. दुपारी दीडच्या सुमारास खिचडी. रात्रीचे जेवण मालिका संपल्यावर नऊला, कधी साडेनऊला. मधे सात-आठ तास जातात. वाढत्या अंगाचे, दिवसभर उड्या मारणारे पोर एवढा वेळ रिकाम्या पोटी राहू शकत नाही. मग मधली भूक पुडीवर नाही तर चहा-बिस्किटावर भागते. रात्रीच्या जेवणाला भूक उरत नाही, नाही तर पोर वाट पाहून पाहून कोपऱ्यात झोपी जाते. 'उठ, दोन घास खा' म्हणून आई हलवते, ते डोळे मिटूनच दोन घास गिळते. सकाळी शाळेची घाई, पुन्हा चहा-बिस्कीट. हे वर्षानुवर्षे चालले की काय होणार?

झाले काय ते आकडे सांगतात. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातील पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांमागे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ती मुले आज आपल्याच शाळांत बसलेली आहेत. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये निम्म्याहून अधिक जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. या मुली उद्या सासरी जातील, त्यांना लेकरे होतील. अशक्त आईचे मूल पुन्हा कमी वजनाचे निघण्याची भीती असते. बियाणे निवडताना आपण किती पारखून घेतो! इथे मात्र डोळेझाक होते.

चहाबद्दल एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवा. चहातल्या तुरट अंशामुळे अन्नातले लोह अंगाला नीट लागत नाही. बाजरीच्या भाकरीबरोबर, पालेभाजीबरोबर पोराला चहा दिला तर त्यातले बरेचसे लोह वायाच गेले म्हणायचे. उलट त्याच जेवणावर लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू दिला तर लोह चांगले लागते. लिंबाचे झाड बांधावर असते. वाटीभर चहाची सवय मोडायला पैसा लागत नाही.

आता पैशाचे बोलू. घरात दोन पोरं, रोज प्रत्येकी पाच रुपये, शाळेचे पंचवीस दिवस. महिन्याला अडीचशे रुपये टपरीवर गेले. त्याच पैशांत दीड किलो शेंगदाणे सहज येतात, वर थोडा गूळही. दीड किलोचे तीस तीस ग्रॅमचे पन्नास वाटे पडतात. म्हणजे दोघांना पंचवीस दिवस रोज एक मूठ. त्या एका मुठीत सात ग्रॅमच्या वर प्रथिने आणि सुमारे १७० उष्मांक असतात. पुडीत तेल, मीठ आणि हवा. ज्याच्या रानात भुईमूग आहे, त्याला तर विकतही घ्यायला नको. शेंगा बाजारात नेताना एक पोते घरात ठेवा म्हणजे झाले. मात्र बुरशी धरलेले, काळे पडलेले दाणे निवडून टाका. 'पोरंच खाणार आहेत' म्हणून तसले दाणे घरी ठेवू नका, त्या बुरशीत विष असते. चार वर्षांखालच्या लेकराला अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून गुळात मळून द्या.

आपल्या आज्या काय देत होत्या? दुधात कुस्करलेली भाकरी, ताकात कालवलेली भाकरी, गूळ-दाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, हरभऱ्याच्या घुगऱ्या, उकडलेल्या शेंगा, रताळी, सकाळच्या पिठाचे धपाटे. यातले काय महाग आहे आणि कशाला तासभर चुलीपुढे बसावे लागते? सकाळी भाकरी थापताना दोन जास्त थापायच्या आणि फडक्यात गुंडाळून दुरडीत झाकून ठेवायच्या. मूठभर मटकी भिजत घालायची. पोर घरी आले की त्याचे त्याला घेता आले पाहिजे, एवढी सोय करायची. आई रानात असली तरी हे जमते.

पण इथेच एक अडचण आहे, ती मान्य करू. पूर्वी ज्वारी-बाजरीच्या रानात तूर, मूग, मटकी, चवळी ही आंतरपिके असायची. घरात डाळ, कडधान्य वर्षभराचे भरलेले असायचे. आता अनेकांच्या शिवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तर सोयाबीन, नाही तर ऊस. पैसा देणारे पीक घ्यावेच, त्याला कोण नाही म्हणेल? पण जे रानातून घरात यायचे ते आता किराणा दुकानातून येते, आणि हात आखडला की पहिली डाळच पातळ होते. म्हणून चार-पाच गुंठे घरच्यासाठी राखा. चार ओळी मूग-मटकीच्या, दोन वेल दोडक्या-भोपळ्याचे, विहिरीजवळ मेथी-पालक, बांधावर एक शेवगा. त्याचा पाला आणि शेंगा दोन्ही खायला होतात.

तीच गोष्ट दुधाची. काही घरांत दोन-दोन म्हशी दावणीला आहेत आणि पोरं कोरा चहा पितात. हप्ता बँकेचा, पेंडीची उधारी, म्हणून थेंब न् थेंब डेअरीला जातो. आम्हाला ती ओढाताण ठाऊक आहे. तरी एक नियम करा. किटली उचलण्याआधी प्रत्येक पोरामागे एक पेला बाजूला काढायचा, मगच दूध डेअरीकडे न्यायचे. अर्धा लिटर कमी भरल्याने कर्जाचा हप्ता बुडत नाही.

आता रात्रीच्या जेवणाकडे वळू. घरातली सगळी माणसे एका वेळी, एका पंगतीला जेवायला बसतात अशी किती घरे राहिली? आधी पुरुषमाणसे, मग मुलगे, मग बाया आणि शेवटी मुली, ही जुनी रीत अजून कित्येक घरांत आहे. पातेल्याच्या तळाशी उरेल ते शेवटच्या ताटात पडते. अंडी चार असली तर ती मुलग्यांच्या वाट्याला जातात. वर दिलेला मुलींच्या रक्ताचा आकडा आणि पंगतीची ही रीत एकमेकांपासून लांब नाहीत. सगळे बरोबर बसले की कोणाच्या ताटात काय पडले ते सगळ्यांना दिसते. बापाला दिसते की पोरगी भाजी घेतच नाही. आजीला दिसते की नातू चार दिवस नीट जेवत नाही. दुखणे वाढण्याआधी ध्यानात येते.

शेतीच्या विजेची पाळी रात्रीची असेल त्या आठवड्यात बापाला दारे धरायला जावे लागते, हे खरे. मग जेवण नऊला करण्याऐवजी साडेसातला करा. बापही भरल्या पोटी रानात जाईल. आणि जेवताना टीव्ही बंद, मोबाईल फळीवर. हा नियम पोरांना लावायचा तर आधी मोठ्यांनी पाळला पाहिजे.

हे गावाने मनावर घेतले तर होते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ठराव केला. सायंकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद. मुलांचा अभ्यास व्हावा, माणसे एकमेकांशी बोलावीत, हा हेतू. भोंग्याला खर्च किती आला असेल? खरे काम ठरावाने केले. आपल्या गावात त्याला जेवणाची जोड देता येईल. साडेसातला भोंगा, आणि प्रत्येक घरात ताटे मांडलेली.

सरपंच, ग्रामपंचायतीचे अधिकारी, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांनाही चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट टपरीची. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ मुलांना विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० सालचा नियम आहे. गावात तो किती जणांना ठाऊक आहे? टपरीवाला आपलाच माणूस असतो, त्याच्या पोटावर पाय नको. त्याला बसवून सांगा. पुड्यांऐवजी फुटाणे, चिक्की, उकडलेल्या शेंगा, केळी ठेव म्हणा. गिऱ्हाईक तेच राहील.

दुसरी गोष्ट नववी-दहावीच्या मुलांची. खिचडी आठवीपर्यंतच आहे. पुढची पोरं हायस्कूलसाठी दुसऱ्या गावाला जातात. सकाळी नऊची एस.टी. धरलेली मुलगी सायंकाळी साडेसहाला परत येते. मोफत पासाने तिचा प्रवास झाला, पण डबा घेतला होता का, हे कोण विचारतो? ज्या वयात तिला सगळ्यात जास्त लागते, त्याच वयात शाळेचे ताट बंद होते. पालकसभेत हा विषय घ्या. सायंकाळची गाडी वेळेवर यावी म्हणून आगारप्रमुखांकडे पाठपुरावा करा.

तिसरी गोष्ट ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांची. दिवाळीनंतर जोडपी कारखान्यावर जातात. मुले म्हाताऱ्या आजी-आजोबांपाशी राहतात. त्या म्हातारीला स्वतःलाच दिसत नाही, ती दोन वेळा काय रांधणार? हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तिचा प्रस्ताव वेळेत गेला पाहिजे. आशाताई आणि अंगणवाडीताईंना ही घरे पाठ असतात. त्यांच्याकडून यादी करून घ्या.

चौथी गोष्ट ग्रामसभेची. रस्ता, गटार, दिवाबत्ती यांवर आपण तावातावाने बोलतो. येत्या ग्रामसभेत अर्धा तास या विषयाला द्या आणि बायांना बोलू द्या. अडचण कुठे आहे ते त्यांना चांगले ठाऊक आहे.

आणि सगळा भार आईवर टाकून आपण मोकळे व्हायचे नाही. ती दिवसभर रानात राबते, सांजेला चुलीपुढे बसते. बापाने दाणे भाजून डब्यात भरले, आजोबांनी भाकरीचा काला करून दिला, मोठ्या मुलाने धाकटीला वाढले, तर त्यात कमीपणा कसला?

आज सायंकाळी गोठ्यात पेंड भिजवाल, तेव्हा तेवढे आठवा. गुरांचे झाले की घरात या आणि पोराला विचारा, 'बाळा, शाळेतून आल्यावर काय खाल्लंस?' उत्तर ऐका. मग उद्याच्या दुरडीत काय ठेवायचे, ते आज रात्रीच ठरवा.